मावशीच्या हातची चहाची अंडी

४ जून

मावशी,

साष्टांग नमस्कार भेटल्यावर घालीन, आत्ता हात ओले आहेत आणि कामाची घंटा कधीही वाजेल. फोन करणार होते. पण फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि मग कोणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

कॅन्टीनमध्ये माझं बरं चाललंय. कारखान्यातली माणसं भुकेली येतात, त्यामुळे नावं ठेवत नाहीत. ते काम आमच्या वस्ताद बाई करतात. त्या मूळच्या चीनमधल्या, लग्न करून इकडे आल्या आणि आता सगळा मुदपाकखाना त्यांच्या ताब्यात आहे. आपली भाषा मोजकीच बोलतात, पण जेवढी बोलतात तेवढी सगळी टोचून.

त्यांच्याकडे चहाची अंडी करतात. अंडी उकडायची, गार करायची, मग चमच्याच्या पाठीने हलकेच ठोकून कवचाला सगळीकडून तडे पाडायचे. कवच काढायचं नाही. तशीच ती कोऱ्या चहाच्या पाण्यात सोडायची. पाण्यात सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी, मीठ आणि थोडी साखर. मंद आचेवर उकळू द्यायची आणि मग त्याच पाण्यात रात्रभर मुरत ठेवायची. (काकांना सांग, या चहात दूध घालायचं नसतं.) तड्यांमधून चहा आत उतरतो आणि सोललं की पांढऱ्या अंड्यावर तपकिरी रेघांची जाळी उमटलेली दिसते. बाईंचं अंडं बघशील तर खायचं विसरशील.

माझं बघशील तर डोळे मिटून घेशील. मी एक ठोका दिला की कवचाचा तुकडाच निघून येतो. मग जाळीच्या जागी हे मोठाले डाग. बाई ते अंडं वर धरतात, सगळ्यांना फिरवून दाखवतात आणि म्हणतात, "ही गाय."

पुढच्या महिन्याच्या शेवटी कारखान्याचा वार्षिक समारंभ आहे. त्यात समोरच्या टेबलावर या अंड्यांचं मोठं ताट मांडतात. ते ज्याच्या हातून होईल त्याला पुढे मांडणीचं टेबल मिळतं. नाहीतर मी आणि भांड्यांचा ढीग आहोतच एकमेकांना.

आपल्या घरात हात म्हणजे तुझा. माझ्या शाळेच्या कोटाला तू केलेलं रफू मला स्वतःलाच कधी सापडलं नाही. एकदा करून बघ ना, आणि माझं काय चुकतंय ते सांग.

तुझी,
भिंगरी


१६ जून

चि. भिंगरी,

तुझं पत्र पोचलं. मी सांगतेय आणि तुझे काका लिहून घेतायत, कारण माझे हात गुंतलेत. दुकानात कपड्यांचा ढीग पडलाय, मान वर करायला फुरसत नाही.

(भिंगरी, हा मी, काका. कचेरीत मी जन्मभर टंकलेखक होतो. साहेब बोलतील ते टाइप केलं, मध्ये स्वतःचा शब्द घातला नाही. आता निवृत्त झालोय, म्हणून कंसात घालतो. दुकान मार्चपासून बंद आहे. तुझ्या मावशीचा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले जिवाला काही धोका नाही, पण सुई आता विसरा. त्या दिवसापासून ती घराबाहेर पडलेली नाही. कोणी विचारलं तर काम फार आहे म्हणते. आत्ता खिडकीशी बसलीये, हात पदराखाली, आणि मला बजावतेय की अक्षर नीट काढा. तुला हे माहीत आहे असं तिला कळू देऊ नकोस. कीव कोणी केली तर ती जेवायचीसुद्धा नाही.)

तर अंडी. तुझी कृती वाचून मी कपाळाला हात लावला. तडे पाडायचे? आणि तेही मुद्दाम? अगं, मी आयुष्यभर लोकांची फाटकी झाकली. लग्नाच्या शालूला पेटत्या उदबत्तीने पडलेली भोकं मी अशी बुजवली की नवरीच्या सासूलाही पत्ता लागला नाही. आणि तू मला सांगतेस की धडधाकट वस्तू फोडा आणि चारचौघांत मांडा. तुझ्या त्या वस्ताद बाई तुझी फिरकी घेतायत. नवीन पोरगी दिसली की घेतात लोक.

मी माझ्या पद्धतीने केली. कवचाला ओरखडा येऊ दिला नाही. एक नतद्रष्ट तेवढं पाण्यात सोडताना हातून निसटलं आणि तडकलं. तेही राहू दिलं तसंच, टाकायचं कशाला. सकाळी ते तुझ्या काकांच्या ताटात गेलं. बाकीची अशी निघाली की दृष्ट लागावी. पांढरीस्वच्छ, गुळगुळीत, कुठे डाग म्हणून नाही. त्यांना चहाची चव लागली होती की नाही यावर मात्र आमचं दोघांचं एकमत झालं नाही.

(चव नव्हती. ती नुसती उकडलेली अंडी होती. जे मला शिक्षा म्हणून मिळालं त्यावरच एक सुंदर तपकिरी रेघ होती आणि चवीलाही तेच होतं. मी बोललो नाही. मला याच घरात राहायचंय.)

आशीर्वाद आहेतच, पण नुसत्या आशीर्वादाने भांडी सुटत नाहीत. लक्ष देऊन काम कर.

मावशी


२३ जून

मावशी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारणीने भिंतीवर थापा मारल्या.

अगं, बाई माझी फिरकी घेत नाहीयेत! तडे हीच तर सगळी गंमत. जे अंडं तू काकांच्या ताटात ढकललंस तेच तेवढं चहाचं अंडं होतं. बाकीची तू फुकट उकडलीस. काकांना विचार, त्यांच्या अंड्यावर रेघ होती की नाही. आणि ते गप्प बसले असतील तर का बसले तेही विचार.

तुझं पत्र मी बाईंना वाचून दाखवलं, म्हणजे जेवढं दाखवण्यासारखं होतं तेवढं. शालू, नवरीची सासू, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "तुझी मावशी घाबरते."

मी म्हटलं, आमची मावशी कोणाला घाबरत नाही. त्या म्हणाल्या, "अंड्याला घाबरते."

आता तू काय ते ठरव. माझ्याकडून काल परत गाय झाली. या वेळी शिंगंसुद्धा होती.

भिंगरी


५ जुलै

चि. भिंगरी,

घाबरते? मी?

त्या बाईंना सांग, ज्या जरीच्या पदराला शहरातले तीन रफूवाले हात लावायला तयार नव्हते, तो मी एका बैठकीत सांधून दिलाय. अंड्याला घाबरते म्हणे.

(हे सांगताना ती येरझारा घालत होती. मार्चनंतर एवढी चाललेली मी पाहिली नव्हती. तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग.)

परवा मी पुन्हा अंडी उकडली. तुझ्या काकांना बाहेर बसवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, कारण ते शेजारी उभे राहिले की सल्ले देतात. एकेक अंडं डाव्या हातात घेतलं, उजव्या हातात चमचा, आणि केलं काम. कसं केलं ते विचारू नकोस. प्रत्येकाच्या हाताची एक रीत असते, ती लिहून कळत नाही.

(दाराबाहेर मला आवाज येत होता. टकटक नव्हे. एकसारखा, बारीक, माझ्या टाइपरायटरवर कोणी न थांबता लिहावं तसा. मला राहवलं नाही, मी फटीतून पाहिलं. ती ठोकत नव्हतीच. चमचा नुसता कवचाला टेकवला होता आणि बाकीचं हात करत होता. ती अंडं सावकाश फिरवत होती. आधी तिचा चेहरा रडवेला होता. मग तिने ते अंडं खिडकीकडे धरून पाहिलं आणि दुसरं उचललं.)

रात्रभर चहात मुरवली. सकाळी पहिलं सोललं. भिंगरे, खोटं सांगत नाही, तलम जाळी! उभा धागा आडवा धागा दिसावा इतकी बारीक. वरून खालपर्यंत कुठेही डाग नाही, कुठेही तुटलेली नाही. आयुष्यात एवढी कामं केली, पण ती सगळी अशी की बघणाऱ्याला दिसलीच नाहीत. हे पहिलंच काम जे दिसतं. मी ते अंडं बशीत ठेवून दुपारपर्यंत मधूनमधून जाऊन बघत होते.

(सोलल्यावर ती मला म्हणाली, "बघितलंत का?" पूर्वी मोठं रफू संपलं की ती दुकानातून हाक मारून हेच विचारायची. मी बघितलं आणि बशी आणून दिली.)

तुमच्या कारखान्याला कापडाच्या गासड्या घेऊन जाणारा ट्रकवाला आपल्याच आळीतला आहे. त्याच्याबरोबर डबा पाठवतेय. कवच काढलेलं नाही. तुझ्या वस्ताद बाईंच्या समोर सोल, आणि मग त्या काय म्हणतात ते मला शब्दाला शब्द कळव.

मावशी


९ जुलै

मावशी! मावशी! मावशी!

डबा संध्याकाळी पोचला. बाई कांदे चिरणाऱ्यांवर ओरडत होत्या. मी त्यांच्यासमोर डबा उघडला आणि पहिलं अंडं सोलायला घेतलं. कवच निघत गेलं तशी कांदे चिरणारी एकेक सुरी थांबत गेली. बाईंनी अंडं माझ्या हातातून काढून घेतलं, दिव्याखाली नेलं, चष्मा लावला, चष्मा काढला, परत लावला. मग म्हणाल्या, "कोण?"

मी म्हटलं, माझी मावशी.

"किती वर्षं करते?"

मी म्हटलं, दुसऱ्यांदा केलीत.

त्यावर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलतेय. मग मी तुझी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ते अंडं खाल्लं नाही. ताटलीत ठेवून आल्यागेल्याला दाखवत होत्या. हिशेबनीस बघायला आणला, फाटकावरचा पहारेकरी आणला. तो म्हणाला, हे छापलंय. माझी छाती अशी फुगली होती की एप्रनच्या नाड्या तुटायच्या बाकी होत्या. मी ज्याला त्याला सांगत होते, आमची मावशी आहे, सख्खी मावशी, माझ्या आईची धाकटी बहीण.

रात्री मी वसतिगृहात पुन्हा अंडी करायला बसले. चमचा कवचाला टेकवला आणि तुझा थरथरतो तसा हात मुद्दाम थरथरवून पाहिला. छे! मनगट दुखलं, अंडं पडलं आणि पुन्हा गायच. ते मुद्दाम होत नाही ग, ते तुझंच आहे.

तुझी फुगलेली,
भिंगरी


१४ जुलै

भिंगरी,

हे मी माझ्या हाताने लिहितेय. अक्षर कसं आहे ते तुला दिसतंच आहे. वाचायला त्रास झाला तर होऊ दे.

माझा हात थरथरतो हे तुला कोणी सांगितलं? विचारायची गरज नाही. या घरात लिहिणारा एकच आहे. मी तुझं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी कंसांचं सगळं कबूल केलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेले नाही. ते रोज चहा करून आणतात आणि दारात उभे राहतात.

तर तुम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी इथून ढीग पडलाय, फुरसत नाही असं ऐटीत सांगत होते आणि तू तिथे वाचून मान हलवत होतीस, बिचारी मावशी म्हणत. आणि ही अंडी? मावशीला आता काही जमत नाही, तर तिला थोडं काम देऊ, तेवढाच जीव रमेल, असंच ना? आजाऱ्याला खेळायला देतात तसं?

सुई हातातून गेली तेव्हा मला काय वाटलं ते तुला कळायचं नाही. मी शहरातली पहिली बाई जिने रफूचं दुकान काढलं. लोक पत्ता विचारत यायचे. मला कोणी बिचारी म्हणालेलं नाही आजवर. मी दुकानाला कुलूप लावलं ते एवढ्याचसाठी, की कोणी ते म्हणू नये. आणि माझ्याच घरात मला त्यावरून अंडी उकडायला लावलीत.

त्या बाईंना माझ्या हाताचं सांगितलंयस का? सांगितलं असशील तर ती जाळी बघून त्यांना काय वाटलं असेल ते आता मला समजतंय. डबा परत पाठव.

मावशी


१८ जुलै

मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यातलं एक अक्षर चुकीचं लागलं नाही, तेव्हा त्याबद्दल काळजी करू नकोस.

आता माझं ऐक. मी तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला काहीसुद्धा माहीत नव्हतं. माझी गाय होत होती, मला भांड्यांच्या ढिगातून सुटायचं होतं आणि मला तूच आठवलीस. तुला रमवायला कोण लिहितंय? मी स्वार्थाने लिहिलं. नंतर काकांनी कंसात सांगितलं तेव्हा मी रडले, हे खरं. रडायचीसुद्धा बंदी आहे का? तू माझी मावशी आहेस. पण मी तुला बिचारी कधी म्हटलं नाही. डबा उघडल्यापासून तर मी तुझ्यावर जळतेय. मनगट सुजेपर्यंत मी तो थरथराट आणायचा प्रयत्न केला, आणि तू म्हणतेस मी कीव करते.

आणि हो, बाईंना मी सांगितलं होतं. सगळं सांगितलं तेव्हा हेही सांगितलं. त्या काय म्हणाल्या ते तू शब्दाला शब्द कळव म्हणाली होतीस, आणि मी भीतीने लिहिलं नव्हतं. आता लिहिते. त्या म्हणाल्या, "माझा हात स्थिर आहे. म्हणून माझी जाळी एवढी चांगली होत नाही." मग म्हणाल्या, "सांग तिला, वस्ताद ती."

त्या कोणाचं कौतुक करत नाहीत ग. इथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना त्यांनी "ठीक" याच्यापुढे काही म्हटलेलं नाही.

समारंभाचं ताट त्यांना तुझ्याकडून हवं आहे. ट्रकवाल्याशी त्या स्वतः बोलल्या. मी सांगून टाकलं की हे माझं काम नाही, माझ्या मावशीचं आहे, आणि मांडणीच्या टेबलावरचा माझा हक्क सोडला. तर बाईंनी मला अंडी सोलायचं काम दिलं. ते त्या आजवर कोणाला देत नव्हत्या. म्हणजे तू नाही म्हणालीस तर माझंही गेलं. हाही स्वार्थच समज.

डबा परत पाठवत नाही. बाईंनी तो रिकामा झाल्यावर धुऊन कपाटात ठेवलाय.

आणि काकांशी बोल. आयुष्यभर दुसऱ्यांचंच लिहिलेल्या माणसाने एकदा स्वतःचं लिहिलं, तर ते तुझ्याबद्दल लिहिलं.

भिंगरी


२७ जुलै

चि. भिंगरी,

अंडी आत्ताच ट्रकमध्ये चढली. टोपल्यांत भुसा घालून नीट बसवलीत. ट्रकवाल्याला मी सांगितलंय की रस्त्यात एक जरी खड्डा जोरात घेतलास तर तुझ्या बायकोला सांगीन. तो घाबरला. माणसं मला अजून घाबरतात.

काकांशी बोलले. म्हटलं, पुन्हा कंस घालाल तर बघा. ते म्हणाले, आता गरजच काय, तू स्वतःच लिहितेस. मी म्हटलं, मग अंडी धुवायला या. तेव्हापासून धुतायत. सल्ले देतात, पण धुतातही.

आता खरं सांगायचं ते. एवढी अंडी घराच्या ओट्यावर मावेनात. शेवटी काकांनी दुकानाचं कुलूप काढलं. आत धूळ, सुया, रिळं, सगळं होतं तसंच. मी जुन्या जागी, काचेमागे बसले. दुसरीकडे कुठे बसणार, खुर्ची तीच एक. समोर टोपली, मांडीवर पंचा, हातात चमचा. पदर खोचलेला, कारण पदराखाली हात ठेवून अंडी होत नाहीत. काचेतून सगळा रस्ता मला बघत होता आणि मी मान खाली घालून काम करत होते. पहिली काही अंडी कशी झाली ते मला आठवत नाही, कान इतके तापले होते. मग हात लागला कामाला, आणि मीच विसरले.

माणसं थांबायला लागली. पूर्वी रफू बघायला थांबायची तशीच, नाक काचेला लावून. आदल्या दिवशी मुरलेली होती त्यातली दोनचार मी सोलून पुढच्या फळीवर ठेवली होती. मुद्दामच. खोटं कशाला बोलू.

दुपारी वकीलसाहेबांच्या बायको आल्या. त्यांच्या घरचे कोट मी कित्येक वर्षं सांधलेत. आत आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई उघडलंत, साहेबांच्या कोटाची बाही उंदराने कुरतडलीय, उद्या आणून देते."

मी म्हटलं, "रफू आता माझ्याकडून होत नाही."

"का हो?"

बाहेर समोरचा शिंपी उभा होता, भाजीवाली होती, आणखी कोणकोण होतं. दार उघडंच होतं. काका अंडं धुता धुता थांबले.

मी म्हटलं, "हात थरथरतो माझा."

वकिलीणबाईंचा चेहरा पडला आणि त्या आता हळहळणार हे मला दिसत होतं. तेवढ्यात शिंप्याने फळीवरचं अंडं उचललं, उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं. त्याला हाताचं काम कळतं. तो म्हणाला, "मग हे कोणी केलं?"

"मीच."

"थरथरत्या हाताने?"

मी टोपलीतलं पुढचं अंडं घेतलं, हात सगळ्यांना दिसेल असा काचेजवळ धरला, चमचा टेकवला आणि म्हटलं, "स्थिर हाताने करून दाखव."

मावशी